जालहळ्ळीची घड्याळे

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद माणसाला कोणत्या थराला नेईल याचा नेम नाही. नाणी, टपालतिकिटे, ताम्रपट, हस्तलिखिते यांचे संग्रह आपल्या परिचयाचे आहेत. परंतु अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ईटन नावाच्या लहानशा गावी ली मॅक्सवेल या गृहस्थांनी कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रांचे संग्रहालय उभारले आणि त्यासाठी हजाराहून अधिक यंत्रे गोळा केली, हे वाचनात आले तेव्हा आम्हांला प्रथम हसूच आले. हसू ओसरल्यावर मात्र त्यातील मर्म ध्यानी येऊ लागले. हाताने फिरवावयाच्या लाकडी पिंपापासून १९३७ साली बाजारात आलेल्या बेंडिक्सच्या स्वयंचलित यंत्रापर्यंत त्या ओळीत जे उभे आहे, तो एका समाजाच्या घरगुती कष्टांचा इतिहासच होय. जपानात १९५० नंतरच्या दशकात धुलाईयंत्र, शीतकपाट आणि दूरचित्रवाणी संच या तीन वस्तूंना लोक राजघराण्याच्या तीन पवित्र रत्नांची उपमा देत असत. ज्या वस्तूने प्रथम घर बदलले, तिच्याविषयी माणसाला अशी माया वाटावी यात नवल नाही.

आपल्याकडे त्या काळी धुणे नदीवर होते, विहिरीच्या काठी होते किंवा न्हाणीघरातल्या दगडावर होते. धुलाईयंत्र मध्यमवर्गीय घरात आले ते त्यानंतर दोन पिढ्यांनी. मग आपल्या घरात प्रथम आलेले यंत्र कोणते? शिवणयंत्र, सायकल, रेडिओ ही नावे लगेच ओठांवर येतात. पण नोकरदार माणसाने स्वतःच्या पगारातून स्वतःसाठी घेतलेले आणि मरेपर्यंत अंगावर वागविलेले यंत्र म्हटले, तर ते मनगटी घड्याळच. आणि देशातील कोट्यवधी मनगटांवरच्या त्या घड्याळांचे माहेर म्हणजे, सरकारी नोकरीने आम्हांला जेथे आणून टाकले त्या बंगळूर शहराच्या उत्तरेकडील जालहळ्ळी. आज त्या घड्याळांचा संग्रह करणाऱ्यांचा आणि ती पुन्हा चालती करणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला आहे. आम्ही त्या वर्गात सामील झालो ते छंदापोटी नव्हे, तर हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

आमचे आजोबा, ज्यांना सारे घर अण्णा म्हणे, टपाल खात्यात कारकून होते. १९६८ साली त्यांनी एच.एम.टी.चे ‘जनता’ घड्याळ घेतले आणि १९८८ साली सेवानिवृत्त होईपर्यंत ते घातल्यावाचून ते कधी कचेरीत गेले नाहीत. सकाळी पूजा आटोपली की अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून घड्याळाला किल्ली द्यावयाची, हा त्यांच्या पूजेचाच शेवटचा उपचार होता. रत्नागिरीच्या मुक्कामात पावसाळी दमट हवा घड्याळात शिरली आणि पांढरट तबकडीवर चारच्या आकड्याजवळ एक तांबूस डाग पडला. लहानपणी तो डाग आम्हांला नकाशातल्या बेटासारखा दिसे. अण्णांच्या मागे ते घड्याळ वडिलांकडे आले आणि आम्ही बंगळुरास रुजू झालो तेव्हा वडिलांनी ते आमच्या हाती ठेवले. ते बंद पडलेले होते. आम्ही ते एका घड्याळजीकडे दिले. आठवड्याने परत मिळाले ते टिकटिकत, चकाकत आणि मोरपंखी निळ्या रंगाच्या कोऱ्या करकरीत तबकडीसह! आम्ही आनंदाने त्याचे छायाचित्र मिरजेस पाठविले. वडिलांचा फोन आला. ते एवढेच म्हणाले, “घड्याळ छान आहे. पण ते अण्णांचे नव्हे.” दुसऱ्या दिवशी आम्ही जुनी तबकडी मागावयास गेलो. ती केव्हाच कचऱ्यात गेली होती.

त्या दिवसापासून आम्ही या घड्याळांचा इतिहास शोधू लागलो. तो घड्याळापुरता नाही, हे लवकरच कळले.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्या देशात मनगटी घड्याळ म्हणजे स्विस घड्याळ. मुंबईच्या पेढ्यांतून वेस्ट एंड वॉच कंपनी आणि फाव्र लुबा यांची घड्याळे विकली जात, आणि ‘सोवार प्राइमा’ हे नाव जुन्या फौजी मंडळींच्या बोलण्यात अजूनही ऐकू येते. स्टेशनमास्तर, वकील, डॉक्टर, लष्करी अधिकारी यांच्या पलीकडे घड्याळ क्वचितच जाई. इतकेच काय, किती वाजले हा प्रश्नही त्या काळी निर्वेध नव्हता. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ १९५५ सालापर्यंत सोडली नाही. एका देशाची एक वेळ झाली आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत त्या देशाने स्वतःचे घड्याळ बनविले, हा योगायोग मानला तरी मोठा बोलका आहे.

हे घड्याळ बंगळुरातच का बनावे? या नगरीच्या औद्योगिक जडणघडणीत महाराष्ट्राशी असलेले धागे ठिकठिकाणी दिसतात. म्हैसूरचे दिवाण म्हणून १९१२ ते १९१८ या काळात उद्योगांचा पाया घालणारे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि त्यांची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी बसविलेले स्वयंचलित दरवाजे प्रसिद्धच आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने येथे विमानांचा कारखाना काढला. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहर येथे ‘म्हैसूर किर्लोस्कर’ स्थापून लेथ बनविण्यास आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने या भूमीत १९४८ साली दूरध्वनीचा, १९५३ साली यांत्रिक हत्यारांचा आणि १९५४ साली इलेक्ट्रॉनिक सामग्रीचा असे एकामागून एक कारखाने उभारले. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरची मागची पिढी याच कारखान्यांच्या वसाहतींत वाढली, हे आम्ही सांगावयास नको.

यांपैकी १९५३ सालचा कारखाना म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीच्या सहकार्याने त्याची उभारणी झाली. लेथ, मिलिंग यंत्र, ग्राइंडिंग यंत्र ही यंत्रे बनविणारी यंत्रे, म्हणजे यंत्रांच्या माताच म्हणावयाच्या. त्या स्वदेशात नसतील तर प्रत्येक कारखान्यासाठी परदेशाच्या तोंडाकडे पाहावे लागणार, ही त्यामागील दृष्टी होती. अशा कारखान्याने घड्याळाकडे वळावे हे वरवर विचित्र वाटते. पण घड्याळ ही सूक्ष्म कारागिरीची कसोटी आहे. केसाएवढ्या जाडीचे दांडे आणि मोहरीएवढे स्क्रू ज्याला लाखांच्या संख्येने एकसारखे घडविता आले, त्याला दुसरे काय अवघड? जपानच्या सिटिझन कंपनीशी करार झाला आणि १९६१ साली पहिल्या घड्याळांची तुकडी पंडित नेहरूंच्या हस्ते देशाला अर्पण झाली. आरंभीच्या तबकड्यांवर ‘सिटिझन’ हे नावही असे. पुढे ते गेले आणि ‘एच.एम.टी.’ ही तीन अक्षरेच राहिली.

त्यानंतर या कारखान्याने घड्याळांना जी नावे दिली ती पाहिली म्हणजे त्या काळाचे मन कळते. जनता, जवान, पायलट, कोहिनूर, सोना, रजत, कांचन, सुजाता, नूतन! विलायती घड्याळाच्या नावात मालकाची प्रतिष्ठा असे. या नावांत घेणारा स्वतःच होता. तबकडीवर देवनागरीत ‘जनता’ ही अक्षरे छापलेली, आणि ती पाहणारा टपाल कचेरीतला कारकून किंवा प्राथमिक शाळेतला शिक्षक! अंधांसाठी बोटांनी चाचपून वेळ पाहता येईल असे ब्रेल घड्याळही याच कारखान्याने काढले. लग्नात जावयाला एच.एम.टी., परीक्षेत पहिला आलेल्या मुलाला एच.एम.टी., सेवानिवृत्त होणाऱ्याला एच.एम.टी. अशी रीतच पडून गेली. ‘कांचन’साठी तर लोक ओळखीपाळखी शोधीत. कारखान्याचा व्याप वाढला. बंगळुराखेरीज तुमकूर, राणीबाग आणि श्रीनगर येथेही घड्याळे बनू लागली. ‘देश की धडकन’ ही त्यांची जाहिरात तेव्हा कोणाला अतिशयोक्ती वाटत नसे.

‘जनता’ घड्याळाच्या आत काय असते, हेही थोडे सांगितले पाहिजे. किल्ली दिली की एका चपट्या पिंपात गुंडाळलेली पोलादी पट्टी आवळली जाते. ती उलगडताना दातेरी चक्रांच्या मालिकेला गती देते आणि त्या गतीला लगाम घालते ते शेवटचे तोलचक्र. ते तासाला अठरा हजार ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच आणि दिवसाला चार लक्ष बत्तीस हजार. घर्षणाने झीज होऊ नये म्हणून सतरा ठिकाणी कृत्रिम माणकाचे खडे बसविलेले असतात. असे घड्याळ दिवसाला एक मिनिट चुकले तर आपण त्याला नावे ठेवतो. पण दिवसाची मिनिटे १४४०, तेव्हा ही चूक १४४० मध्ये एक एवढीच. आमच्या स्वतःच्या दैनंदिन कामात चुकीचे प्रमाण इतके अल्प असते, तर आमच्या अधीक्षकांना आमच्याविषयी काही तक्रार उरली नसती.

याच अचूकतेच्या प्रश्नावर पुढे घात झाला. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विकावयास काढले. त्यातील स्फटिक सेकंदाला ८,१९२ वेळा स्पंदन पावतो. त्यापुढे पाच ठोक्यांचा निभाव लागणे कठीण. एच.एम.टी.नेही क्वार्ट्झ घड्याळे बनविली, परंतु तिचा मुख्य भर किल्लीच्याच घड्याळांवर राहिला. १९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापन केली, १९८७ साली तिची घड्याळे बाजारात आली आणि पाहता पाहता गिऱ्हाईक तिकडे वळले. १९९१ नंतर परदेशी मालाची दारे उघडली. तोटा वाढत गेला आणि २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांची ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. तुमकूरच्या कारखान्याची जागा पुढे इस्रोकडे गेली. सरकारी नोकराने सरकारी निर्णयावर भाष्य करू नये, हा नियम आम्ही पाळतो. परंतु अशा निर्णयाची फाईल ज्या टेबलांवरून फिरते, त्या टेबलांमागच्या कित्येक मनगटांवरही एच.एम.टी. असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

नवल असे की कारखाना बंद होण्याची वार्ता पसरली आणि घड्याळांची मागणी वाढली! ज्यांनी वीस वर्षांत त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नव्हते, ते कपाटांचे खण उचकू लागले. चिकपेटेत भरणाऱ्या रविवारच्या जुन्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या फडक्यावर ही घड्याळे आजही दिसतात. कोणाची काच तडकलेली, कोणाचा पट्टा तुटलेला, तर कोणाच्या मागे ‘अमक्यास सेवापूर्तीनिमित्त’ असे कोरलेले. ते कोरीव नाव वाचताना मन चरकते. जालहळ्ळीस २०१९ साली कंपनीच्या वारशाचे संग्रहालयही उघडले. तेथे यंत्रहत्यारे, ट्रॅक्टर आणि घड्याळे यांच्या पिढ्या मांडल्या आहेत. लालबागेतले फुलांचे घड्याळ तर येथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आपण दाखवितोच; तीही एच.एम.टी.चीच देणगी.

मागणी आली की तिच्या पाठोपाठ बनावटही येते. आज विकल्या जाणाऱ्या ‘जुन्या’ घड्याळांपैकी पुष्कळांच्या तबकड्या नव्याने रंगविलेल्या असतात. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याची पेटी आणि तिसऱ्याचे काटे असा गोपाळकाला असतो. जाणकार भिंगातून पाहतात. अक्षरांची कड पसरलेली आहे काय? मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात काय? पेटी घासून घासून तिच्या धारा गुळगुळीत झाल्या आहेत काय? तबकडी कोरी आणि आतले यंत्र गंजलेले असेल, तर कोठेतरी पाणी मुरते आहे हे निश्चित. गंमत अशी की नवखा गिऱ्हाईक झगझगीत तबकडीला भुलतो आणि मुरलेला संग्राहक डागाळलेल्या तबकडीला अधिक दाम मोजतो.

येथेच या छंदाचे रूपांतर इतिहासाच्या प्रश्नात होते. जीर्णोद्धार म्हणजे काय? जुने नवे करणे, की जुने जुनेच ठेवून चालते करणे? यंत्रातील वाळलेले तेल पुसावे, चक्रे धुवावीत, थकलेली पट्टी बदलावी, नवे तेल सुईच्या अग्रावर मावेल इतकेच द्यावे; यावाचून घड्याळ चालणार नाही आणि न चालणारे घड्याळ हे घड्याळच नव्हे. पण डाग? चरा? झिजलेली कड? ती त्या घड्याळाने घालविलेल्या काळाची नोंद आहे. आम्हां कारकुनांना हा नियम पहिल्या महिन्यातच शिकवितात. फाईलवरची जुनी टिप्पणी चुकीची असली तरी ती खोडून, खरवडून किंवा पान बदलून दुरुस्त करावयाची नसते. एक रेघ अशी मारावी की खालचा मजकूर वाचता येईल, बाजूला दुरुस्ती लिहावी, आद्याक्षरी करावी, दिनांक घालावा. हा नियम रोज पाळणाऱ्या आम्ही आजोबांच्या घड्याळाचे पानच बदलून टाकू दिले होते!

पुढे चौकशी करता करता आम्हांला एक वृद्ध घड्याळजी भेटले. कानडी आणि दखनी यांच्या मिश्रणात बोलणारे, डोळ्याला भिंग लावूनच चहा पिणारे! त्यांनी निळी तबकडी पाहिली आणि काही न बोलता घड्याळाचे मागचे झाकण उघडले. यंत्र मूळचेच होते. मग त्यांनी झाकणाची आतली बाजू दिव्याखाली तिरपी धरली आणि भिंग आमच्या हाती दिले. सुईने ओरखडल्यासारखी बारीक अक्षरे तेथे दिसत होती. ते म्हणाले, “सार, घड्याळ उघडून दुरुस्त करणारा आपली खूण आत ठेवतो. ही जुनी रीत आहे.” तीन खुणा होत्या. एकीपुढे ७२, दुसरीपुढे ७९, तिसरीपुढे ८८. चौथी नव्हती, तबकडी बदलणाऱ्याने आपली खूण ठेवली नव्हती.

आम्ही तेथूनच मिरजेस फोन लावला आणि वडिलांना ते आकडे वाचून दाखविले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग वडील एकेक सांगू लागले. बहात्तर म्हणजे रत्नागिरी. पाणी शिरले ते त्याच पावसाळ्यात, आणि दुरुस्तीचे पैसे द्यावयास अण्णांनी त्या महिन्याचे वर्तमानपत्र बंद केले होते. एकोणऐंशी म्हणजे कोल्हापूरची बदली. ट्रंक उतरविताना घड्याळ दगडावर आपटले होते. अठ्ठ्याऐंशी म्हणजे निवृत्तीचे वर्ष. “त्या वर्षी काही बिघडले नव्हते रे,” वडील म्हणाले, “उद्यापासून कचेरी नाही, तेव्हा एकदा साफ करून घेतो, असे म्हणाले होते ते.” ही हकिगत आम्ही यापूर्वी कधी ऐकली नव्हती. डाग शाबूत असता तर कदाचित झाकणाच्या आत पाहण्याची बुद्धीही आम्हांला झाली नसती, असे म्हणून आम्ही मनाचे समाधान करून घेऊ शकलो असतो. पण ते खरे समाधान नव्हे. तबकडी गेली ती गेलीच.

वृद्ध घड्याळजींच्या डबीत त्याच काळातील एका ‘जनता’ची अस्सल तबकडी होती. त्यांनी ती आम्हांला देऊ केली. आम्ही ती बराच वेळ तळहातावर धरून पाहिली. पांढरट रंग तोच, अक्षरे तीच, आणि डाग मात्र निराळ्या जागी, सातच्या आकड्याखाली. तो दुसऱ्या कोणाच्या तरी पावसाळ्याचा होता. आम्ही ती परत केली. निळी तबकडी तशीच राहू द्या, असे सांगितले. ती आमच्या चुकीची नोंद आहे आणि नोंद पुसावयाची नसते.

त्यांनी यंत्र धुतले, तेल दिले आणि झाकण लावण्यापूर्वी सुई उचलून विचारले, “खूण ठेवू ना?” आम्ही होकार दिला. ८८ च्या खाली, तबकडी बदलली त्या वर्षासाठी त्यांनी थोडी जागा मोकळी सोडली आणि तिच्याखाली आपली आद्याक्षरे आणि चालू सालचे दोन आकडे कोरले. मोकळ्या जागेत काय लिहावयाचे ते आम्ही एका कागदावर लिहून घड्याळाच्या डबीत ठेवले आहे: ‘मूळ तबकडी पांढरट, चारजवळ तांबूस डाग. आमच्या दुर्लक्षाने गेली.’ खाली आद्याक्षरी आणि दिनांक.

कार्यालयातील आमची हजेरी आता बोटाच्या ठशावर लागते आणि वेळ भ्रमणध्वनीवर दिसते. मनगटावरच्या घड्याळाची तशी गरज उरलेली नाही. तरी सकाळी निघण्यापूर्वी आम्ही त्याला किल्ली देतो. दिवसाकाठी ते अर्धा मिनिट मागे पडते, आणि रोज सकाळी ते पुढे सरकविताना अण्णांची चिमटी आम्हांला आठवते.